तीनशे श्रोत्यांचं संगीतगृह: ठाणे-नवी मुंबईत लाइव्ह संगीताची जागा उभारताना

ठाण्यात गडकरी रंगायतन आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. दुसऱ्या टोकाला नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथेच झाले. आणि तिसरीकडे हॉटेलाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून गाणारी मुलं, समोर जेवणारी चाळीस-पन्नास माणसं. या सगळ्यांच्या मधली जागा मात्र शोधावी लागते: तीनशे माणसं उभी राहून किंवा दोनशे बसून ऐकतील, साउंड आणि लाइट कायमचे बसवलेले असतील आणि आठवड्यातून चार दिवस काही ना काही वाजत असेल अशी. स्वतःची गाणी करणाऱ्या मराठी बँडला, गझलच्या मैफलीला, फ्यूजनवाल्यांना, राम मराठे संगीत महोत्सवात रांग लावणाऱ्या ठाणेकर रसिकाला याच आकाराची जागा लागते. मोठं नाट्यगृह एवढ्या गर्दीत रिकामं वाटतं आणि हॉटेलात कोणी ऐकत नाही.

अशी जागा उभी करू पाहणाऱ्या, आणि जमल्यास पुढे नाशिक, पुणे, कोल्हापूरला तीच घडी बसवू पाहणाऱ्या कंपन्यांसाठी आणि गटांसाठी हा लेख आहे. एक क्रम सुरुवातीलाच पक्का करा. पैसा आधी भिंती, छत, दारं, हवा आणि वीज यांत घालायचा. स्पीकर सगळ्यात शेवटी. स्पीकर भाड्याने मिळतात, भिंत मिळत नाही. बहुतेक प्रकल्प हा क्रम उलटा लावतात, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींनी जागा गप्प होते.

जागा शोधताना

आधी माप ठरवा. पुढचा सगळा हिशेब २० मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि तुळईखाली ६ मीटर उंच अशा हॉलसाठी आहे. मध्ये खांब नको. एकच खांब असला तरी त्यामागची वीसेक माणसं पूर्ण तिकीट देऊन अर्धा कार्यक्रम बघतात. उंची ५ मीटरच्या खाली गेली की दिवे कलाकाराच्या डोळ्यांत येतात आणि स्पीकर टांगायला जागा उरत नाही.

२८० चौरस मीटरपैकी स्टेजला ४० (८ बाय ५), मिक्सिंगच्या जागेला ८, बाकी काउंटर, प्रवेश आणि स्टेजच्या बाजूच्या जागा वजा केल्या की श्रोत्यांना साधारण २०० चौरस मीटर उरतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत अशा वापरासाठी माणशी ०.६ चौरस मीटर धरतात. म्हणजे ३३० माणसं. हाच आकडा परवान्याच्या अर्जात, तिकीट विक्रीत आणि दारावरच्या मोजणीत असायला हवा. तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आकडे असले की पहिल्याच तपासणीत अडचण होते.

जागा साधारण तीन प्रकारच्या मिळतात. पहिली म्हणजे तुर्भे, महापे, रबाळेच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) पट्ट्यातले किंवा वागळे इस्टेटमधले औद्योगिक गाळे. उंची भरपूर, खांब कमी, रात्री शेजारी कोणी नाही. पण छत बहुधा पत्र्याचं. दुसरी मॉलचे वरचे मजले: पार्किंग आणि लिफ्ट तयार मिळते, पण खालच्या दुकानात आणि बाजूच्या मल्टिप्लेक्समध्ये स्लॅबमधून बेस (खर्जाचा आवाज) उतरतो. तिसरी म्हणजे वाशी, बेलापूरसारख्या स्टेशनांची व्यापारी संकुलं. लोकलने येणाऱ्यांना याहून सोयीचं काही नाही, मात्र गाडी आली की जमिनीतून घरघर येते. हॉलच्या जमिनीवर बसून पाच-सहा गाड्या जाऊ द्या. पायाला कळली, तर मैफलीतल्या शांत जागी ती ऐकूही येणार.

तिन्हींत आम्ही औद्योगिक गाळ्याला झुकतं माप देऊ, पण कागद नीट असतील तरच. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे आणि टीटीसीत एमआयडीसीची. कारखान्यासाठी दिलेल्या गाळ्यात तीनशे माणसं जमवायची तर वापरबदलाची मंजुरी आधी लागते. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. एमआयडीसीची नियमावली वेगळी. टोकन देण्याआधी मालकाकडून भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, भाडेपट्ट्याची प्रत, महावितरणचं बिल आणि अग्निशमन दलाचा दाखला मागून घ्या. बिलावरचा मंजूर भार बघा, तो पुढे लागणार आहे. करारात दोन कलमं घालाच. वापराची परवानगी मिळेपर्यंत भाडं सुरू होणार नाही, आणि ती नाकारली गेली तर अनामत परत. या दोन कलमांना तयार नसलेल्या मालकाची जागा कितीही आवडली तरी सोडा.

शंभर मीटरच्या आत रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय आहे का तेही मोजा. तो भाग शांतता क्षेत्रात मोडू शकतो.

रात्रीची चाचणी

करार करण्यापूर्वी एक रात्र यासाठी द्या. लागणारं सामान थोडं: अठरा इंची सब-वूफर (खर्जाचे स्पीकर) दोन, एक टॉप (वरच्या सुरांचा स्पीकर), लॅपटॉप, आणि ऑक्टेव्ह बँड, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचे पट्टे, वेगवेगळे दाखवणारा साउंड लेव्हल मीटर. मोबाइलमधलं अ‍ॅप इथे चालत नाही, त्याचा माइक खर्जात भरवशाचा नसतो.

रात्री साडेदहानंतर आधी काहीही न वाजवता हॉलच्या हद्दीवर आणि सर्वांत जवळच्या राहत्या घराच्या बाजूला पंधरा-पंधरा मिनिटं मोजणी करा. ही तुमची पार्श्वभूमी. मग आत पिंक नॉइज (खालच्या-वरच्या सगळ्या सुरांचा एकत्र सळसळाट) लावा आणि ६३ हर्ट्झच्या, म्हणजे खर्जाच्या, पट्ट्यात १०० डेसिबल येतील इतका आवाज ठेवा. पुन्हा बाहेर तिथेच मोजा. आतला आणि बाहेरचा फरक म्हणजे या इमारतीची आजची क्षमता. १२५ आणि २५० हर्ट्झलाही हेच करा. चाचणी थोडक्यात उरका आणि शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटून सांगा. पुढे ज्यांची साथ लागणार, त्यांची पहिली ओळख तक्रारीतून व्हायला नको.

आता कायदा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७० डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रात्री दहानंतर लाउडस्पीकर फक्त सभागृहासारख्या बंदिस्त जागेत चालतो. गच्चीवर किंवा अंगणात कार्यक्रम करायचे मनसुबे इथेच सोडून द्या.

दिवाळी पहाटवाल्यांनी सहाची वेळ लक्षात ठेवावी. साडेपाचला सुरू होणारी पहाट नियमांच्या दृष्टीने रात्रच असते. उघड्यावर ती अडचणीची, बंदिस्त हॉलमध्ये चालते. तुमच्या जागेला वर्षातले हे चार दिवस हक्काने मिळू शकतात.

आवाज बाहेर जातो कुठून

कायद्यातली मोजणी ए-भारित डेसिबलमध्ये असते. त्यात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून मीटरवर सगळं नियमात असतं आणि तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना धम्-धम् झोपू देत नाही. त्यांची तक्रार खरी असते. ध्येय मीटरचं नको, त्या खिडकीचं ठेवा.

बँड वाजताना आत ६३ हर्ट्झला ११० डेसिबल सहज असतात. जवळच्या खिडकीशी ते ५५ पर्यंत उतरले तर रस्त्याच्या गजबजाटात विरून जातात. म्हणजे ५५ डेसिबलची घट हवी. अंतरामुळे दहा मिळतील असं धरा, उरलेले ४५ इमारतीने द्यायचे.

इथे वजनच कामाला येतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत चौरस मीटरला ४५० ते ५०० किलो भरते. ८ इंची हलक्या एएसी ब्लॉकची, गिलाव्यासकट, त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. भिंतीचं वजन दुप्पट झालं की साधारण ५-६ डेसिबल जास्त अडतात. त्यामुळे 'जाडी तेवढीच आहे' हे कंत्राटदाराचं म्हणणं कामाचं नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन ४-५ किलो. खर्जात तो दहा डेसिबलही अडवत नाही, आणि जुलैत त्यावर पाऊस कोसळला की आत तानपुरा ऐकू येत नाही. पत्र्याचा गाळा घ्यायचाच तर आत स्लॅब किंवा डेक शीटवर काँक्रीटचं छत टाकण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून खांब-पाया तपासून घ्या. १५० मिलिमीटर स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३६० किलो. जुन्या शेडचा सांगाडा एवढं पेलेलच असं नाही.

एकट्या विटांच्या भिंतीने ४५ मिळत नाहीत. तिच्या आत, तिला न टेकता, दुसरी भिंत उभी करावी लागते: वेगळ्या चौकटीवर १२.५ मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड तीन थर, सांधे एकमेकांवर येऊ न देता, आणि मध्ये १५० मिलिमीटर पोकळीत १०० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं जाड आवरण). या पोकळीचं माप चुकवू नका. दोन भिंती आणि मधली हवा मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला झुलतात, आणि तिथे आवाज अडण्याऐवजी पार होतो. दोन थर बोर्ड आणि ५० मिलिमीटर पोकळी घेतली तर ती कंपनसंख्या ६० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे नेमकी बास ड्रमवर. तीन थर आणि १५० मिलिमीटर घेतले की ती ३० हर्ट्झपर्यंत खाली जाते, जिथे संगीत फारसं नसतं. जागा वाचवण्यासाठी पोकळी कमी करणाऱ्या नकाशावर सही करू नका.

आतलं छत स्लॅबला थेट खिळवलं, की आतली भिंत कुठे एका स्क्रूने बाहेरच्या भिंतीला जोडली, की आवाजाला पूल मिळतो. छत स्प्रिंग किंवा रबरी हँगरवर टांगायचं. काम चालू असताना रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन पोकळीत बघा: पडलेला गिलावा, विटेचा तुकडा, अडकलेली वायरिंगची नळी. बोर्ड बंद झाल्यावर हे कोणालाच दिसत नाही.

मग दारं. एका दुपाखी दाराचं क्षेत्रफळ २ बाय २.१ मीटर, म्हणजे ४.२ चौरस मीटर. त्याखाली ५ मिलिमीटरची फट राहिली तर ती ०.०१ चौरस मीटर भरते, दाराच्या पाव टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्याने ते दार, आत शिसं भरलं तरी, २६ डेसिबलच्या वर जात नाही. दाराच्या तिन्ही बाजूंना दुहेरी रबर आणि खाली, दार बंद झालं की आपोआप उतरणारं सील लावा. प्रत्येक वाटेवर दोन दारं आणि त्यांच्यामध्ये किमान दोन मीटरची अंधारी खोली ठेवा, भिंतींना आतून रॉकवूल. एक दार उघडं असताना दुसरं बंद राहतं. सगळी दारं बसवून झाली की आत दिवे लावा, बाहेर अंधार करा आणि उजेडाची रेघ शोधा.

एसीचे डक्ट, एक्झॉस्ट, केबलची भोकं, ड्रेनेज पाइप. भिंतीतल्या प्रत्येक छिद्राची यादी करा आणि बंद करताना एकेकावर खूण करा.

आग आणि बाहेर पडण्याच्या वाटा

अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबमध्ये फेब्रुवारी २००३मध्ये स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. तो फोम आवाज अडवण्यासाठी लावलेला होता. मुंबईत कमला मिल्सच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ला १४ जीव गेले. साउंडप्रूफिंगच्या नावाखाली अंड्याच्या ट्रेसारखा काळा स्पंज अजूनही सर्रास विकला जातो. तो आवाज अडवत नाही, फक्त वरचा घुमारा थोडा कमी करतो, आणि पेटला की विषारी धूर होतो. एक तुकडाही आत येऊ देऊ नका. रॉकवूल आणि ग्लासवूल जळत नाहीत. वरचं कापड आणि पडदे अग्निरोधक प्रक्रिया केलेलेच घ्या, आणि एक पट्टी कापून स्वतः काडी लावून बघा. लग्नात वापरतात ते कोल्ड पायरो (ठिणग्यांची कारंजी) हॉलमध्ये बंद, कलाकार कितीही मोठा असला तरी. हे करारपत्रात लिहा.

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे सपाट वाटेवर माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते, म्हणजे ३३० जणांना २,१४५ मिलिमीटर. अशा सभागृहाचं दार २ मीटरपेक्षा अरुंद नको. दोन दारं कागदावर पुरतात. पण आग एका दाराशी लागली तर उरलेलं एक ३०७ जणांनाच पुरतं. म्हणून तिसरं दार ठेवा, आणि तिन्ही एकाच भिंतीत नकोत. दारं बाहेर उघडणारी, ढकलली की उघडणाऱ्या आडव्या दांडीची. कुलूप, साखळी, रिकामे क्रेट काही नाही. जिने असतील तर माणशी १० मिलिमीटर धरा. कुठल्याही कोपऱ्यातून दारापर्यंत ३० मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये.

महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून बसवून घ्यावी लागते आणि दर जानेवारीत आणि जुलैत ती चालू स्थितीत असल्याचा नमुना ब दाखला द्यावा लागतो. फायर अलार्म वाजला की साउंड सिस्टिम आपोआप बंद होईल आणि हॉलचे दिवे लागतील अशी जोडणी करून घ्या. शंभर डेसिबलच्या गाण्यात अलार्म कोणालाच ऐकू येत नाही.

आत चांगलं वाजावं म्हणून

आपल्या हॉलचं घनफळ १,६८० घनमीटर. स्पीकरवरून वाजणाऱ्या संगीताला इथे ०.८ सेकंदाचा घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, योग्य. सॅबिनच्या सूत्राने ०.१६१ गुणिले घनफळ भागिले ०.८ केलं की ३३८ चौरस मीटर शोषण लागतं. उभ्या गर्दीत माणशी ०.४५ धरलं तर ३३० माणसं १५० शोषतात. उरलेल्या १८८ साठी १०० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल पॅनल साधारण २१० चौरस मीटर लावावे लागतात: मागच्या भिंतीवर सगळ्यात आधी, मग बाजूच्या भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागात आणि छताला.

हा हिशेब मधल्या सुरांचा झाला. माणसं खर्ज फारसा शोषत नाहीत. ६३ आणि १२५ हर्ट्झला घुमारा लांबला की बास गिटार आणि ड्रम एकमेकांत मिसळतात आणि गाण्याचे शब्द बुडतात. मग साउंड इंजिनिअर आवाज वाढवतो आणि सगळंच आणखी बिघडतं. स्टेजमागच्या भिंतीत आणि कोपऱ्यांत ३०० ते ४०० मिलिमीटर खोल बेस ट्रॅप (खर्ज शोषणारे कप्पे) नकाशातच ठेवा. नंतर त्यांना जागा मिळत नाही.

गझल, नाट्यसंगीत, शास्त्रीय गायनाला थोडी जास्त आस (सुराचा मागे रेंगाळणारा घुमारा) हवी, एक सेकंदाच्या पुढे. त्यासाठी बाजूच्या काही पॅनलवर रुळावर सरकणाऱ्या लाकडी फळ्या बसवा. उघड्या ठेवल्या की बँडची खोली, बंद केल्या की मैफलीची. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने कार्यक्रमांची यादी दुप्पट रुंद होते.

स्टेज, साउंड, वीज, हवा

सपाट हॉलमध्ये उभ्या गर्दीसाठी स्टेज ९० सेंटिमीटर उंच. ड्रमसाठी ८ बाय ८ फुटांचा वेगळा चौथरा. पोकळ स्टेज ढोलासारखं घुमतं, त्यामुळे खाली रॉकवूल भरा आणि सब-वूफर स्टेजवर न ठेवता जमिनीवर, रबरी पॅडवर ठेवा. बैठकीसाठी हे स्टेज उंच पडतं: गादीवर बसलेल्याची नजर जमिनीपासून पाऊण मीटरवर असते आणि पुढच्या रांगांना मान वर करून बसावं लागतं. अशा दिवशी लांब भिंतीला ३०-४५ सेंटिमीटरचा चौथरा लावा आणि श्रोते तीन बाजूंनी बसवा. तबल्याची बोटं दिसली पाहिजेत.

साउंडमध्ये प्रत्येक बाजूला चार-सहा छोटे लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेले स्पीकर) किंवा दोन चांगले टॉप, अठरा इंची चार ते सहा सब, ३२ चॅनलचा डिजिटल मिक्सर, सहा मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर). सब डाव्या-उजव्या टोकांना वेगळे ठेवले तर मधोमध बेस फुगतो आणि बाजूला पोकळी पडते; स्टेजपुढे एका ओळीत ठेवा. मिक्सिंगची जागा हॉलच्या मागच्या तिसऱ्या भागात, शक्यतो मध्यावर. भिंतीला चिकटवलेल्या टेबलावरून बेस नेहमी जास्त ऐकू येतो, आणि इंजिनिअर तो कमी करून श्रोत्यांना पातळ आवाज देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मानकात अशा जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. मिक्सरजवळ सगळ्यांना दिसेल असा मीटर लावा आणि लिमिटरची (आवाज मर्यादेत रोखणाऱ्या यंत्राची) किल्ली हॉलकडेच ठेवा, पाहुण्या साउंडवाल्याकडे नको.

वीज. एसीला ५५-६० किलोवॉट, साउंडला १२, दिव्यांना १२, काउंटर-स्वयंपाकघर-पंप मिळून २५-३०. एकूण ११० किलोवॉटच्या आसपास मंजूर भार लागतो आणि जुन्या गाळ्यात तो क्वचित असतो. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज वापरबदलाच्या अर्जाबरोबरच करा. साउंडसाठी वेगळा बोर्ड आणि वेगळी अर्थिंग घ्या. एसी आणि लाइटचे डिमर त्या फेजवर नकोत. स्टेजवरच्या प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. अर्थिंग तुटलेल्या सॉकेटवर गिटारचा अ‍ॅम्प असेल आणि गायकाचे ओठ माइकला लागले तर बसणारा झटका जीव घेऊ शकतो. दर कार्यक्रमाआधी मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब बघा, २ व्होल्टच्या वर असेल तर वायरमनला बोलवल्याशिवाय काही जोडू नका. जनरेटर सुरू व्हायला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि तेवढ्यात बंद पडलेला मिक्सर परत उभा राहायला आणखी वेळ जातो. मिक्सर, स्टेज बॉक्स आणि वायरलेस रिसीव्हर ३ केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसवर ठेवा.

हवेचा हिशेब बहुतेक ठिकाणी कमी पडतो. नाचणारा माणूस २०० वॉट उष्णता देतो. ३३० जणांचे मिळून, एसीच्या मापात, १९ टन. माणशी १५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) ताजी हवा म्हणजे ५,००० सीएफएम, आणि खाडीकाठच्या दमट संध्याकाळी ती थंड-कोरडी करायलाच २५ टन जातात. दिवे आणि साउंड धरून ५० टन. फक्त क्षेत्रफळावरून काढलेल्या एसीच्या कोटेशनमध्ये ही ताजी हवा नसते, मग तासाभरात भिंतींना घाम येतो आणि तबल्याची पुडी उतरते. मुख्य डक्टमधला वेग सेकंदाला ५ मीटरच्या आत आणि जाळीशी २.५ च्या आत ठेवा. डक्ट मोठे होतात, पण आलाप सुरू असताना फुसफुस ऐकू येत नाही.

सामान उतरवायला छोटा हत्ती मागच्या दाराला थेट लागला पाहिजे आणि तिथून स्टेजपर्यंत एकही पायरी नको. उतार १ला १२, म्हणजे १२ फुटांत १ फूट चढ.

परवाने

इमारतीचा वापरबदल आणि अग्निशमन दलाचा दाखला हे पाया. त्यावर ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडून सार्वजनिक करमणुकीचा जागेचा आणि कार्यक्रमाचा परवाना, खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, आणि मद्य द्यायचं असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एफएल-३. राज्यात वाईन आणि सौम्य बिअरसाठी २१, बाकी मद्यासाठी २५ वर्षं वय लागतं. मनगटाला रंगीत पट्टी दारातच बांधा.

आमचं मत स्पष्ट आहे: बारशिवायही जागा तग धरेल असा हिशेब आधी मांडा. परवाना उशिरा येतो, आणि नाट्यसंगीताला आजीबरोबर येणारा नातू, कॉलेजची मुलं हा या शहरांतला मोठा श्रोतावर्ग आहे. चहा-कॉफी, वडे, सोलकढी यांचं काउंटर नीट चालवलं तर मध्यंतरात चांगलं उत्पन्न देतं.

कलाकार दुसऱ्यांची गाणी गाणार असेल तर गीत-संगीताच्या हक्कासाठी आयपीआरएसचा परवाना लागतो. मध्यंतरात रेकॉर्ड लावणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो बहुधा पीपीएलकडे. हे आयोजकावर ढकलू नका. जागा तुमची असते, नोटीस तुम्हालाच येते.

पैशाचं गणित

संगीत कार्यक्रमाच्या माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के. म्हणून ५०१ ते ५८९ या पट्ट्यात तिकीट ठेवण्यात काही अर्थ नाही: ५५० घेतले तर कर जाऊन हातात ४६६ उरतात. एकतर ५००, नाहीतर थेट ६५०-७००. करमाफ तिकिटांच्या प्रमाणात खर्चावरचा इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, ते सीएकडून आधीच मांडून घ्या.

कलाकाराशी करार तीन तऱ्हांचे: ठरलेलं मानधन, गल्ल्यातला वाटा, किंवा दोन्हींपैकी जे जास्त. समजा ५०० रुपयांची २५० तिकिटं गेली. १,२५,००० मधून साउंड-लाइटची माणसं, जाहिरात, आयपीआरएस, तिकीट पोर्टलचं शुल्क मिळून ३०,००० वजा. उरलेल्या ९५,००० चे ७० टक्के, म्हणजे ६६,५०० कलाकाराचे, २८,५०० तुमचे. आता १२० तिकिटंच गेली आणि ५०,००० मानधनाची हमी दिलेली असेल तर तुमच्या खिशातून २०,००० जातात. महिन्याचं भाडं, पगार, वीज ६ लाख आणि कार्यक्रम १६ धरले तर प्रत्येक रात्रीवर ३७,५०० चा बोजा असतो. म्हणजे चांगली रात्रसुद्धा फक्त तिकिटावर तो भरून काढत नाही. उरलेलं काउंटरवरून आणि सोमवार ते बुधवारच्या भाड्यातून आणावं लागतं: तालमी, व्हिडिओ शूटिंग, कंपन्यांचे कार्यक्रम, गाण्याच्या क्लासचं वार्षिक संमेलन. हमी फक्त अशा कलाकाराला द्या ज्याची याच भागात तिकिटं विकली गेल्याचा पुरावा आहे. फॉलोअर्सचा आकडा पुरावा नव्हे.

दुसऱ्या शहरात जाण्याची घाई नको, पण तयारी पहिल्या हॉलपासूनच करा. मिक्सर तोच, स्टेजवरच्या चॅनलचा क्रम तोच, दिव्यांची रचना तीच. मग बँड गुरुवारी नाशिक, शुक्रवारी ठाणे, शनिवारी पुणे, रविवारी कोल्हापूर असा एका टेम्पोत निघतो, आणि पहिल्या गावातली मिक्सरची फाइल चौथ्या गावात पेन ड्राइव्हवरून उघडते. चार रात्रींचा करार एकदम केला की मानधन उतरतं आणि कलाकारालाही मधला रिकामा दिवस राहत नाही.

कार्यक्रमाचा दिवस

सामान दुपारी २ ला, साउंड चेक ३ ते ५, दार साडेसहाला, पहिला कलाकार सव्वासातला, मुख्य सव्वाआठ ते पावणेदहा. बंदिस्त हॉलमध्ये पुढे चालवता येईल, तरी दहाच्या आत संपवा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने परतणाऱ्यांना गाडी गाठायची असते. शेवटच्या गाण्याआधी उठणारे प्रेक्षक कलाकाराला दिसतात.

जागा सुरू झाल्यावरच्या बहुतेक तक्रारी हॉलच्या आतल्या आवाजाच्या नसतात, सुटल्यानंतर पार्किंगमध्ये रेंगाळणाऱ्या गर्दीच्या असतात. सुटताना दोन माणसं बाहेर उभी करा, रिक्षा एका बाजूला लावून घ्या, सिगारेट ओढणाऱ्यांची जागा राहत्या इमारतीच्या विरुद्ध बाजूला द्या. शेजारच्या सोसायट्यांना एक मोबाइल नंबर द्या जो कार्यक्रम चालू असताना खरोखर उचलला जाईल, आणि आलेल्या प्रत्येक फोनची वेळ, त्या क्षणी मिक्सरजवळच्या मीटरवरचा आकडा आणि वाजत असलेलं गाणं एकाच वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत त्या वहीतून कळतं की बहुतेक फोन कुठल्या दारातून आणि कुठल्या पट्टीतल्या आवाजामुळे येतात. पुढची दुरुस्ती तिथून सुरू करा.